आपा, मला नमाज येत नाही

कोरेगाव तालुक्यातल्या एका भावाचं पत्र आलंय. वय ३४, सातारच्या एमआयडीसीत तीन शिफ्टमधे काम, बायको मिरजेची, मुलगी सहा वर्षांची. पत्र मोठं आहे, त्यातलं मेन तेवढं इथे देते.

"आपा, गावात आमची मुलाण्यांची दोनच घरं. छोटी मशीद आहे पण शिकवायला कधी कोणी टिकलं नाही. वडील जत्रेला बकरी हलाल करायचे, पीराच्या उरसाचं सगळं बघायचे, रोजे धरायचे, पण नमाज फक्त ईदची आणि तीही शेजारच्याचं बघून. माझंही तेच. लग्न ठरवताना सासऱ्यांनी विचारलं मुलगा नमाजी आहे का, मामा म्हणाले हो, मी गप्प बसलो. बायकोला सगळं येतं. मी जुम्म्याला जातो, पुढच्याचं बघून वाकतो, उठतो, ओठ हलवतो. गेल्या महिन्यात वडील गेले. जनाजा समोर ठेवून मौलानांनी विचारलं, बेटा इजाजत है? मला कळलंच नाही काय विचारतायत ते. चार तकबीर झाल्या, बापाच्या शेवटच्या नमाजेत मी नुसता उभा होतो, एक अक्षर आलं नाही. आता मुलगी अरबी शिकायला जायला लागलीय, ती म्हणते अब्बा तुम्ही अत्तहियात म्हणून दाखवा. कुठून सुरू करू? उर्दू येत नाही, अरबी येत नाही. ईमान म्हणजे नक्की काय हे कोणी विचारलं तर सांगता येणार नाही. मराठीत दुआ मागितली तर चालते का? आणि वडिलांसाठी आता काही करता येतं का, कबरीवर गेलो तर काय म्हणायचं तेपण माहीत नाही. नाव छापू नका."

भाऊ, तू माझ्या थोरल्या मुलाच्या वयाचा, म्हणून अरे-तुरे करते. पत्र मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना जनाज्याच्या ओळीपाशी थांबले, कारण माझ्या वडिलांच्या वेळी मी घरात बायकांच्यात बसले होते आणि सगळ्या जणी सिपारे, म्हणजे कुरआनचे भाग, घेऊन पढत होत्या आणि माझ्या हातात सिपारा दिला तर मी तो नुसता उघडून धरला होता. तेव्हा मी ३८ वर्षांची होते, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते, आणि मला कुरआन वाचता येत नव्हता. त्यानंतर शिकले. त्यामुळे हे जे पुढे लिहितेय ते पुस्तकातलं कमी आणि केलेलं जास्त आहे.

आधी ते "इजाजत है" तेवढं सांगते, कारण ते तुझ्या मनात सलत असणार. जनाज्याच्या नमाजेला मयताच्या जवळच्या वारसाचा हक्क असतो, म्हणजे मुलगा स्वतः पढवू शकतो, नाहीतर दुसऱ्याला परवानगी देतो. मौलाना तुझा हक्क तुला विचारत होते. तू मान हलवली असशील, तेवढं पुरतं. आणि त्या नमाजेत रुकू म्हणजे वाकणं नाही, सजदा म्हणजे कपाळ टेकणं नाही, उभ्या उभ्याच चार तकबीर, म्हणजे चारदा अल्लाहु अकबर, असतात, आपल्या हनफी पद्धतीत पहिलीनंतर सना म्हणजे अल्लाहची स्तुती, दुसरीनंतर दरूद म्हणजे नबींसाठीची दुआ, तिसरीनंतर मयतासाठी दुआ आणि चौथीनंतर सलाम. तू सफमधे, म्हणजे रांगेत, उभा होतास, तकबीर ऐकत होतास, बापासाठी जीव तुटत होता. "नुसता उभा होतो" असं म्हणू नकोस. ती दुआ आता शिक, पुढे कोणाच्या तरी जनाज्यात लागेल.

आता दुसरी गोष्ट, जी ऐकून तुला जरा हलकं वाटेल. जुम्म्याला तू इमामाच्या मागे उभा राहतोस आणि तुला वाटतं सगळे काहीतरी पढतायत, मी एकटाच गप्प. तर हनफींच्यात इमाम किरअत, म्हणजे कुरआनचं पठण, करत असताना मागच्यांनी गप्पच उभं राहायचं असतं. अलहम्द, म्हणजे कुरआनची पहिली सूरह, आणि पुढची सूरह इमाम पढतो, ती सगळ्यांच्या वतीनं होते. मागच्यांनी म्हणायची ती सुरुवातीची सना, मग रुकू-सजद्यातल्या तसबीह, बसल्यावर अत्तहियात, दरूद, आणि सलाम. म्हणजे जमातमधे, सगळ्यांबरोबर पढताना, तुझं राहिलंय ते तुला वाटतं त्यापेक्षा बरंच कमी आहे. कोकणातली आपली माणसं बहुतेक शाफई, ते इमामाच्या मागेही अलहम्द पढतात, रुकूला जाताना हात उचलतात, आमीन मोठ्यानं म्हणतात. तुझ्या कंपनीत रत्नागिरी-चिपळूणचं कोणी असेल तर त्याचं बघून गोंधळू नकोस, तेही बरोबर आणि हेही बरोबर, फक्त शिकताना एकच धर. म्हणूनच मोबाईलवर दहा व्हिडिओ बघून शिकायला मी नको म्हणते, एकात हात इथे बांधलेला, दुसऱ्यात तिथे, माणूस आठवड्यात वैतागून सोडून देतो.

मग कोणाकडे शिकायचं. बायकोकडे. तू पत्रात तिचा उल्लेख चार वेळा केलायस आणि चारही वेळा तिच्यापासून लपवण्याबद्दल. अरे, सहा-सात वर्षं एका घरात राहून तिला कळलं नसेल का? बाईमाणसाला घरातलं मीठ किती उरलंय ते डबा न उघडता कळतं. तिला माहीत असणार, ती तू बोलायची वाट बघत असणार. आणि मामा जे बोलले ते मामा बोलले, पण तू गप्प बसलास ते तुझं आहे, ते तिला एकदा सरळ सांगून टाक की तेव्हा मी खोटं चालू दिलं, मला वाईट वाटतं, आता मला शिकव.

तुला जिब्रील फरिश्त्याची हदीस, म्हणजे रसूलुल्लाहांच्या बोलण्या-वागण्याची नोंद, माहितीय का? ईमान म्हणजे काय या तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे म्हणून सांगते. हजरत उमर सांगतात, आम्ही रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लमांजवळ बसलो होतो, एक माणूस आला, कपडे पांढरेशुभ्र, केस काळेभोर, अंगावर प्रवासाची काही खूण नाही आणि आमच्यातलं कोणी त्याला ओळखतही नाही. तो येऊन हुजूरांच्या समोर गुडघ्याला गुडघा लावून बसला आणि विचारायला लागला. इस्लाम म्हणजे काय? उत्तर मिळालं की कलिम्याची साक्ष द्यायची, नमाज कायम करायची, जकात द्यायची, रमजानचे रोजे धरायचे, ऐपत असेल तर हज करायची. मग विचारलं ईमान म्हणजे काय? उत्तर आलं, अल्लाहवर, त्याच्या फरिश्त्यांवर, त्याच्या किताबांवर, त्याच्या रसूलांवर, आखिरतच्या दिवसावर आणि तकदीरवर, मग ती बरी असो की वाईट, विश्वास ठेवायचा. मग तिसरं विचारलं, एहसान म्हणजे काय? तर अल्लाहची इबादत अशी कर की जणू तू त्याला बघतोयस, आणि तू बघत नसलास तरी तो तुला बघतोय. तो माणूस निघून गेल्यावर हुजूर म्हणाले, ते जिब्रील होते, तुम्हाला तुमचा दीन, म्हणजे धर्म, शिकवायला आले होते. सहीह मुस्लिममधे ही हदीस आहे. मला यातलं काय लागतं माहितीय, जिब्रीलला काय माहीत नव्हतं? तरी ते विचारणारे बनून आले. म्हणजे दीन शिकवायची रीतच मुळात कोणीतरी समोर बसून विचारण्याची आहे. तसाच बस तिच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लावून.

ईमानच्या त्या सहा गोष्टी पाठ करायला एक दिवस लागतो, समजायला आयुष्य, पण सुरुवातीला एवढं धर. अल्लाह एक, त्याला आई-बाप नाही, मूलबाळ नाही, त्याच्यासारखं कोणी नाही, हे कुल हुवल्लाहच्या चार आयतींमधेच आलंय. फरिश्ते त्याचे हुकूम पाळणारे, जिब्रील वही, म्हणजे अल्लाहचा संदेश, घेऊन यायचे. किताबा म्हणजे मूसांवर तौरात, दाऊदांवर जबूर, ईसांवर इंजील आणि शेवटी मुहम्मद सल्लल्लाहु अलैहि वसल्लमांवर कुरआन. कुरआनात २५ नबींची नावं आलीयत, आदम, नूह, इब्राहीम, यूसुफ, मूसा, ईसा ही तुझ्या कानावरून गेलेली असतील. आखिरत म्हणजे मेल्यानंतर उठून हिशोब द्यायचाय. आणि तकदीर, ती मी तुला पत्रात समजावू शकत नाही, मी स्वतः माझा माणूस गेल्यावर थोडी समजले.

आता नमाज शिकायची कशी. मी ३१ वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवलंय आणि मास्तरकीत आम्हाला एक क्रम घोटून घेतलेला, आधी श्रवण, मग भाषण, मग वाचन, मग लेखन. पोरगं आधी ऐकतं, मग बोलतं, अक्षरं नंतर येतात. मोठी माणसं नेमकं उलटं करतात, आधी पुस्तक घेतात. तुलाही कोणीतरी सांगेल की मराठी अक्षरात छापलेलं नमाजचं पुस्तक मिळतं, ते आण आणि पाठ कर. आण की, पण ते फक्त आठवण करून द्यायला. त्यावरून पहिल्यांदा शिकू नको. कारण सांगते. अरबीत क दोन आहेत, एक आपला साधा आणि एक घशातून खोल येणारा. "कुल हुवल्लाह" मधला क खोलातला, तेव्हा त्याचा अर्थ होतो "म्हण". तोच साध्या क नं म्हटलास तर अर्थ होतो "खा". मराठी छपाईत दोन्ही सारखेच दिसतात. तसंच ज चं, रुकूत आपण "सुब्हान रब्बियल अजीम" म्हणतो तर तो ज "बाजार" मधला, "जेवण" मधला नव्हे. कागद हे सांगत नाही, कान सांगतो. आमच्या मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँ साहेबांची कबर आहे, १९३७ ला गेले ते, उरसात अजूनही गवई येऊन तिथे गातात, आणि त्या गाण्याची तालीम अजूनही समोरासमोर बसूनच चालते, उस्ताद एकदा म्हणतो, शागीर्द दहादा. आमच्या गल्लीच्या पलीकडे तंबोरे बनतात, तिथला कारागीरही जवारी, म्हणजे तारेचा झंकार, कानानंच लावतो. अरबीचंही तसंच आहे.

मला कोणी शिकवलं सांगू? माझ्या सासूबाईंनी. त्यांना आम्ही अम्मा म्हणायचो. अम्मांना सही येत नव्हती, अंगठा लावायच्या, पण अलहम्दपासून शेवटच्या दहा-बारा सूरह तोंडपाठ, आईकडून ऐकलेल्या. शाळेतून आल्यावर मी भाकरी थापायचे आणि त्या चुलीच्या बाजूला बसून एक आयत म्हणायच्या, मी मागनं म्हणायचे. चुकलं की परत. कधी रागावल्या नाहीत, फक्त "फिरसे" म्हणायच्या. अलहम्दच्या सात आयती मला नऊ दिवस लागल्या, आणि मी डीएड झालेली बाई. अत्तहियातला दोन आठवडे गेले. त्याच्याआधी लहानपणी एका ठिकाणी शिकायला जायचे तिथे चुकलं की सगळ्यांसमोर हसायचे, म्हणून मी सोडून दिलं होतं ते तीस वर्षं सोडलं. म्हणून तुला सांगते, शिकवणारा हसणारा नको. हजरत आयेशांकडून हदीस आलीय की जो कुरआन सफाईनं पढतो तो मोठ्या फरिश्त्यांच्या सोबतीत, आणि जो अडखळत, कष्टानं पढतो त्याला दुप्पट सवाब, म्हणजे पुण्य. तुझं अडखळणं फुकट जात नाहीये.

एक काळजी घे, बायकोकडून शब्द शिक, पण उभं राहणं, रुकू, सजदा हे मशिदीतल्या हाफिज साहेबांकडून. आपल्यात बाईची आणि बाप्याची पद्धत थोडी वेगळी, ती हात छातीवर बांधते तू बेंबीखाली बांधायचे, ती सजद्यात अंग आवरून घेते तू कोपरं जमिनीपासून आणि कुशीपासून लांब ठेवायची. कोरेगावात नाहीतर साताऱ्यात जुम्म्यानंतर थांब, गर्दी गेली की जाऊन सांग, हाफिज साहेब मला दोन रकात बघून सांगा कुठे चुकतंय. रकात म्हणजे उभं राहण्यापासून सजद्यापर्यंतचा नमाजेचा एक फेरा. हुजूरांच्या मशिदीत एक माणूस घाईघाईत नमाज पढला तर हुजूर म्हणाले, जा परत पढ, तू पढलाच नाहीस, असं तीन वेळा झालं, शेवटी तो म्हणाला मला यापेक्षा चांगली येत नाही, मला शिकवा. आणि हुजूरांनी तिथल्या तिथे शिकवली, रुकूत शांत हो, मग सरळ उभा राहा, सजद्यात शांत हो. "मला येत नाही, शिकवा" हे वाक्य मशिदीत म्हणायला लाज कसली, ते तिथेच आधी म्हटलं गेलंय.

वुजूपासून, म्हणजे नमाजेआधीच्या हातपाय धुण्यापासून, सुरुवात कर, ते एका संध्याकाळात येतं. फर्ज, म्हणजे करायलाच हव्यात अशा गोष्टी, चारच आहेत, सगळा चेहरा धुणं, कोपरांसकट हात, डोक्याच्या चौथाईवर ओला हात फिरवणं म्हणजे मसह, आणि घोट्यांसकट पाय. बाकी मनगटं, चूळ, नाकात पाणी, कानाचं मसह, तीन-तीनदा धुणं हे सुन्नत, म्हणजे हुजूरांची रीत, तेपण कर, बायको एकदा करून दाखवेल. नळ धो धो सोडू नको, एक तांब्या-दीड तांब्या बास होतो. एकदा केलेला वुजू लघवी-संडास, वारा सरणं, आडवं होऊन झोपणं, रक्त वाहणं अशा गोष्टींनी जातो, तोपर्यंत तोच चालतो.

मग शब्द. त्यातले अर्धे तुझ्या घरात आधीपासून आहेत. तुझे वडील बकऱ्यावर सुरी ठेवताना काय म्हणायचे? बिस्मिल्लाहि अल्लाहु अकबर. तू लहानपणापासून ते ऐकलंयस. नमाज त्याच अल्लाहु अकबरनं सुरू होते, प्रत्येक वाकण्या-उठण्याला तेच आहे. फक्त रुकूतून उठताना "समिअल्लाहु लिमन हमिदह", म्हणजे ज्यानं स्तुती केली त्याचं अल्लाहनं ऐकलं, आणि मागून "रब्बना लकल हम्द". रुकूत तीनदा सुब्हान रब्बियल अजीम, सजद्यात तीनदा सुब्हान रब्बियल आला. हे तीन-चार दिवसांत होईल. मग अलहम्द, मग कुल हुवल्लाह आणि तीन आयतींची सूरह कौसर, एवढ्यावर दोन रकात पढता येतात. मग अत्तहियात, तिचे चार तुकडे कर आणि एका तुकड्याला तीन दिवस दे. मग दरूद-ए-इब्राहीम. सना शेवटी घेतलीस तरी चालेल, ती सुन्नत आहे. मग रात्रीच्या इशानंतरच्या वित्र नमाजेतली दुआ-ए-कुनूत, ती लांब आहे, तिची घाई करू नको.

अलहम्दचा अर्थ मात्र पहिल्या दिवशीच घे, मराठीतच घे. सगळी स्तुती अल्लाहची, जो सगळ्या जगांना पाळतो-पोसतो. फार कृपाळू, फार दयाळू. हिशोबाच्या दिवसाचा मालक. आम्ही तुझीच इबादत करतो, तुझ्याकडेच मदत मागतो. आम्हाला सरळ वाटेनं ने, ज्यांच्यावर तू मेहेरबानी केलीस त्यांच्या वाटेनं, ज्यांच्यावर कोप झाला त्यांच्या नाही आणि जे भरकटले त्यांच्याही नाही. आणि आता हे ऐक. हजरत अबू हुरैरांकडून हदीस आहे, अल्लाह म्हणतो मी ही नमाज माझ्या आणि माझ्या बंद्याच्या मधे अर्धी-अर्धी वाटलीय. बंदा म्हणतो अलहम्दुलिल्लाहि रब्बिल आलमीन, अल्लाह म्हणतो माझ्या बंद्यानं माझी स्तुती केली. बंदा पुढची आयत म्हणतो, अल्लाह तिचं उत्तर देतो. आणि "तुझ्याकडेच मदत मागतो" पाशी आलं की अल्लाह म्हणतो हे माझ्या आणि माझ्या बंद्याच्या मधलं आहे, माझ्या बंद्यानं जे मागितलं ते त्याला मिळेल. हे कळल्यापासून मी प्रत्येक आयतीनंतर श्वासभर थांबते. मुलाच्या ऑपरेशनच्या रात्री मिरजेतल्या दवाखान्याच्या पॅसेजमधे दुपट्टा अंथरून पढले तेव्हा त्या आयतीवर किती वेळ थांबले ते मला नाही सांगता येणार.

म्हणून मराठीचं विचारलंस त्याचं उत्तर असं. नमाजेच्या आतलं अरबीतच, ते जगभर एकच आहे. पण सलाम फिरवल्यावर हात उचलून जे मागायचं ते मराठीत माग, तुझ्या सातारी मराठीत माग, सगळ्या भाषा त्यानंच दिल्यात. कुरआनचा मराठी तरजुमाही मिळतो, रोज अर्धं पान वाच. अरबी वाचायला मुलीबरोबर नूरानी कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळखीचं पुस्तक, घे, तिचा धडा तोच तुझा धडा, तिनं विचारलं की सांग, बेटा अब्बांना अत्तहियात अजून येत नाही, तू आणि अम्मी शिकवा. पोरांना शिकवायला फार आवडतं, माझ्या वर्गात मठ्ठ म्हणून मागे बसवलेलं पोर दुसऱ्याला शिकवायला दिलं की सुधारायचं.

शिफ्टचं. दिवसात फर्ज रकात १७ होतात, पहाटेची फजर २, दुपारची जोहर ४, दुपार कलल्यावरची असर ४, सूर्य बुडाल्यावरची मगरिब ३, रात्रीची इशा ४. सुन्नतांमधल्या पक्क्या १२ आहेत, त्या हळूहळू घे, आधी फर्ज आणि वित्र. पाचातली एखादी सोड असं मी म्हणू शकत नाही, तो अधिकार माझा नाही, पण वेळा तुला वाटतात तेवढ्या अवघड नाहीत. सात ते तीनला असलास तर फजर घरून निघायच्या आधी, जोहर जेवणाच्या सुट्टीत नाहीतर घरी येऊन, कारण असरची वेळ लागेपर्यंत जोहर चालते. तीन ते अकराला जोहर घरून करून निघ, असर आणि मगरिब कामावर येतात, त्यात मगरिबची वेळ कमी, सूर्य बुडाल्यापासून तास-सव्वा तास, पण ती तीन रकातचीच, पाच मिनिटं लागतात, चहाचा ब्रेक तिथे घे. इशा अकराला घरी आल्यावर. रात्रपाळीला इशा करून जा आणि फजर कामावर, कारण वर्षातले बहुतेक दिवस सातला सुट्टी होईपर्यंत सूर्य उगवतो. सुपरवायझरला सरळ सांग. लोणंद-फलटणवरून माउलींची पालखी जाते तेव्हा तुमच्या कंपनीतली पोरं शिफ्ट बदलून मागतात आणि मिळते ना, तू तर पाच मिनिटं मागतोयस. बाजूच्या मशीनवाल्याला सांग बघायला, त्याच्या उपासाच्या दिवशी तू बघ. किब्ला, म्हणजे नमाजेत तोंड करायची दिशा, आपल्याकडून पश्चिमेला, पण अगदी नाकासमोर पश्चिम नाही, थोडं उजवीकडे, उत्तरेच्या बाजूला वळायचं, फोनवरच्या होकायंत्रावर एकदा बघून शेडमधल्या एखाद्या खांबाची खूण धरून ठेव.

आणि सगळं पाठ होईपर्यंत काय, तर थांबायचं नाही. हुजूरांकडे एक माणूस आला, म्हणाला मला कुरआनातलं काहीच पाठ होत नाही, मला पुरेल असं काही शिकवा. त्याला त्यांनी सुब्हानल्लाह, अलहम्दुलिल्लाह, ला इलाह इल्लल्लाह, अल्लाहु अकबर आणि ला हौल म्हणायला शिकवलं. अबू दाऊदमधे आहे ही हदीस. तू हे आजच म्हणू शकतोस. मागच्या वीस वर्षांच्या कजा, म्हणजे राहून गेलेल्या, नमाजांचं काय, हा प्रश्न तुझ्या मनात येणारच, तो हाफिज साहेबांना विचार, पण सहा महिन्यांनी. आत्ता ते डोंगर मोजत बसलास तर आजची राहील.

वडिलांचं शेवटी ठेवलं कारण तिथे हात थांबतो. माणूस गेला की त्याचे आमाल, म्हणजे कर्मं, बंद होतात, तीन गोष्टी सोडून, चालू राहणारं दान, उपयोगी पडणारं इल्म म्हणजे ज्ञान आणि त्याच्यासाठी दुआ करणारी नेक औलाद. म्हणजे तू जी दुआ करशील ती त्यांच्यापर्यंत जाते, आजही. कुरआनातच आई-बापासाठी दुआ दिलीय, सूरह बनी इस्राईल, आयत २४, "रब्बिर हम्हुमा कमा रब्बयानी सगीरा", हे रब, या दोघांवर रहम कर, जसं यांनी मला लहान असताना वाढवलं. अत्तहियातच्याही आधी ही पाठ कर, बायकोकडून घे, आज रात्रीच, पाच शब्द आहेत. गावच्या मशिदीत पाण्याची टाकी नाहीतर नळ त्यांच्या नावानं करता आला तर बघ, नाही जमलं तर चार चटया दे, आणि शिकवायला महिन्यातून दोनदा तरी कोणी येईल अशी दोन्ही घरांनी मिळून सोय करा, म्हणजे तुझ्यासारखं परत कोणाचं होणार नाही.

कबरस्तानात शिरताना म्हणायचं, अस्सलामु अलैकुम या अहलल कुबूर, कबरवाल्यांनो तुमच्यावर सलाम. मग वडिलांच्या कबरीजवळ उभा राहा, अलहम्द आली असेल तर ती पढ, तीनदा कुल हुवल्लाह पढ आणि त्याचा सवाब त्यांना बख्श, म्हणजे अर्पण कर. ती दुआ म्हण. आणि मग अल्लाहकडे मराठीत त्यांच्यासाठी माग, घाई करू नको, शिफ्ट नसेल त्या दिवशी जा.